अतिजड मूलद्रव्यांची कैफियत : लेखांक सातवा – एका अणूचे रसायन

अणुकेंद्रकावर दुसऱ्या केंद्रकाचा दिवसचे दिवस मारा करावा, तेव्हा कोठे एखादा अतिजड अणू पदरी पडावा आणि त्याचीही आयुष्याची मुदत चार-दहा सेकंदांत संपावी, अशी ज्या शास्त्राची स्थिती, त्यातील रसायनज्ञाने परीक्षानळी हाती घेऊन काय करावे? येथे साका बसत नाही, रंग पालटत नाही आणि तराजूत घालण्याजोगे काही हाती नसते. एकच गोष्ट नोंदता येते. ती ही की, तो अणू विघटन पावला तेव्हा कोठे होता.

पहिली अडचण त्या अणूला पकडण्याची. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. तेथे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी रसायनज्ञ जड केंद्रकांच्या विखंडनाचा अभ्यास करताना लक्ष्यामागे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवतात. धडकेने उडालेले तुकडे त्यात रुततात आणि मग त्यांचे गॅमा किरण मोजले जातात. मिनिटे-तास टिकणाऱ्या अणूंना हा मार्ग सोयीचा. सेकंदांच्या पाहुण्याला मात्र पत्रा काढीपर्यंतही दम नसतो. म्हणून अतिजड अणू उडाला की तो हेलियम वायूत थोपवून, वायूच्याच झोताबरोबर बारीक नळीतून थेट उपकरणात दाखल करतात.

ते उपकरण, म्हणजे उष्ण टोकाकडून थंड टोकाकडे जाणारी अरुंद वाट, आम्हां कळंबकरांना पुणे-नाशिक रस्त्यावरील एस.टी.च्या दाखल्याने उमजेल. मंचरचा उतारू मंचरला आणि नारायणगावचा नारायणगावला उतरतो. कोण कोठे उतरला हे पाहिले की त्याला गाव विचारण्याची गरज राहत नाही. बाष्पशील रेणू थंडीत फार पुढे जातो, चिकट रेणू अलीकडेच भिंतीला धरून बसतो. भिंतीच शोधकांच्या असल्याने, विघटनाचा अल्फा कण बाहेर पडताच त्याची ऊर्जा, वेळ आणि जागा एकाच फटक्यात दफ्तरी रुजू होते.

जर्मनीतील डार्मस्टाट येथे 2001 साली 108 क्रमांकाच्या हॅसियमची परीक्षा झाली ती याच रीतीने. क्युरियमवर मॅग्नेशियमचा मारा करून मिळालेले अणू ऑक्सिजनमिश्रित हेलियममधून तप्त भट्टीत व तेथून सिलिकॉन शोधकांच्या 12 जोड्यांनी बनविलेल्या वाटेत सोडले. तिचे तापमान उणे 20 अंशांपासून उणे 170 अंशांपर्यंत उतरत गेलेले होते. हजेरी लागली ती सात अणूंची! हॅसियमचे टेट्रॉक्साइड उणे 44 अंशांच्या आसपास स्थिरावले, तर त्याच्याच गटातील ऑस्मियमचे उणे 82 पर्यंत गेले. म्हणजे गट तोच, परंतु हॅसियम अंमळ अधिक चिकट.

सातांवरून निष्कर्ष काढणे हा उतावीळपणा नव्हे काय, अशी शंका चोखंदळ वाचक घेतील. परंतु तो एकटा रेणू वाटेत असंख्य वेळा भिंतीला टेकतो आणि सुटतो, आणि त्याच्या अंतिम थांब्यात या साऱ्या भेटींची सरासरी उतरलेली असते. मला तर या शास्त्रातील सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते.

पुढे 112 क्रमांकाच्या कोपर्निसियमसाठी रशियातील दुबना येथे शोधकांवर सोन्याचा मुलामा दिला. पारा सोन्याला झोंबतो हे कोणताही सराफ सांगेल. रेडॉन मात्र कडाक्याच्या थंडीवाचून थांबत नाही. अणुकेंद्रकाच्या प्रचंड विद्युत्भारामुळे आतील इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या लक्षणीय अंशाने धावतात व बाहेरील रचनाही बदलते. त्यामुळे हे मूलद्रव्य पाऱ्याचे भावंड की उदासीन वायूसारखे, याविषयी मतभेद होता. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अवघे दोन अणू सोन्यावर थांबले, तेही रेडॉनच्या थंड टोकापासून बरेच अलीकडे, आणि पारड्याने पाऱ्याकडे कल दिला.

द्रवांतील पद्धती याहून किचकट. अणू द्रावणात घ्यावा, रेझिनच्या इवल्या स्तंभातून सोडावा, थेंब वाळवून मोजावा. हे सारे मिनिटाच्या आत, यंत्राच्या हातांनी. त्यांचा तपशील पुढील लेखांकात पाहू.