हजेरीपटावरचे खेळाडू

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांचा एक कंपू आहे. एक पोस्टातले, दोन शिक्षक, एक पाटबंधारे खात्यातले आणि मी बँकेतला. चालणे कमी आणि बोलणे जास्त, हे सांगायला नकोच. २०२४ च्या ऑगस्टच्या २ तारखेला तर कुणी बाकावरून उठायलाच तयार नव्हते. आदल्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले होते. खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचे वैयक्तिक पदक मिळाले होते. वडील शिक्षक, आई गावची सरपंच, आणि हा स्वतः मध्य रेल्वेत टीसी. आमच्या बाकावर सगळ्यांना अप्रूप होते ते या टीसीपणाचे. आपल्यासारखाच नोकरदार माणूस!

पोस्टातले म्हणाले, "पण काय हो, याला एवढी रजा मंजूर कोणी केली असेल?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

क्रीडापानावर गुण, सेकंद आणि मीटर छापून येतात. रजा छापून येत नाही. खेळाडू पहाटे किती वाजता उठतो हे आपण कौतुकाने वाचतो, पण एक तारखेला त्याच्या घरी पगार कुठून येतो, हे विचारत नाही. माझी ३८ वर्षे बँकेत गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे असेल, पण माणसाची गोष्ट त्याच्या पासबुकापासून सुरू होते असे मला वाटत आले आहे. खाशाबांची गोष्टही मी तशीच वाचतो.

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर खिशात पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली, तीही पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हा व्यवहार मी बँकवाल्याच्या नजरेने पाहतो तेव्हा मला घाम फुटतो. कर्जदार: कॉलेजचे प्राचार्य. तारण: राहते घर. कर्जाचे कारण: एका पैलवानाला फिनलंडला पाठवणे. परतफेडीचे साधन: तो पैलवान परत येईल तेव्हा पाहू! माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर 'उद्देश उत्पादक नाही' असा शेरा मारून मी तो दुपारच्या चहाआधी परत पाठवला असता. आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली असती.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या कडव्या कुस्तीनंतर खाशाबांना पुरेशी उसंत न मिळता लगेच पुढच्या लढतीला उभे राहावे लागले. इशीने सुवर्ण नेले, खाशाबांच्या वाट्याला कांस्य आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. भल्याभल्या थोरामोठ्यांची कर्जे थकलेली मी पाहिली आहेत. कुस्त्या मारून कर्ज फेडणारा दुसरा माणूस माझ्या ऐकण्यात नाही.

पुढचा हिशेब मात्र तितका सुखाचा नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी दीर्घकाळ थांबले आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघाताने गेले. अर्जुन पुरस्काराची आठवण सरकारला झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, २००० सालच्या यादीत. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. चांगलेच आहे. पण ज्या वर्षांत त्यांना बढतीची गरज होती, त्या वर्षांत कुणीतरी त्यांची फाइल पुढे सरकवली असती तर ते अधिक चांगले झाले असते.

मुरलीकांत पेटकरांचे तेच. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पुढे टाटांनी नोकरी दिली, संसार उभा राहिला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. म्हणजे सुवर्णपदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये ४६ वर्षे गेली, आणि या वर्षांत घर चालले ते पदकावर नव्हे, पगारावर.

आमच्या बँकांनीही एके काळी खेळाडू पोसले, हे अभिमानाने सांगायला हवे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच देशात हरवणारा आपला कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेचा माणूस. आम्ही नवखे असताना कुठल्याही बँकेतला कारकून 'वाडेकर आमच्यातलेच' असे छाती फुगवून सांगे. खेळाडू कोट्यातून भरती होई, आंतरबँक स्पर्धा होत, आणि खेळाडूला विशेष रजा देण्याचा नियमही होता. नियमाच्या शेवटी एक छोटेसे वाक्य असे: शाखेच्या कामाची सोय पाहून.

त्या वाक्यापाशी माझी गोष्ट येते.

१९९३ चा जानेवारी. जिल्ह्यातल्या एका शाखेचा मी तरुण व्यवस्थापक होतो. शाखेत दारव्हा तालुक्यातला एक मुलगा कॅशियर होता. खेळाडू कोट्यातूनच लागलेला, कबड्डीतला चढाईपटू. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला होता आणि भारताने सुवर्ण जिंकले होते. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या मुलांना प्रथमच वाटू लागले होते की 'कबड्डी कबड्डी' म्हणत आपणही विमानात बसू शकतो. हा मुलगा त्यांतलाच. संध्याकाळी कॅश जुळवून झाली की सायकलवर टांग मारून मैदानावर जाई आणि सकाळी गुडघ्याला हळदीचा लेप लावून काउंटरवर बसे.

त्याला निवड चाचणीचे बोलावणे आले. आठ दिवसांचे शिबिर, त्यातून पुढचा संघ. तो रजेचा अर्ज घेऊन माझ्या केबिनमध्ये आला.

आता यवतमाळ जिल्ह्यातला जानेवारी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवे. तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती. केंद्रावर कापूस घातलेल्या शेतकऱ्यांचे चेक एकदम येत आणि बँकेसमोर पहाटेपासून बंड्या उभ्या राहत. रांग दारातून रस्त्यावर जाई. कुणाच्या पोरीचे लग्न, कुणाचे सावकाराचे देणे. प्रत्येकाला पैसे आजच हवे असत. आणि आमच्याकडे नोटा मोजण्यात या मुलाचा हात सगळ्यांत जलद. दुसरा कॅशियर आजारी होता.

"सायेब, यावेळी जाऊ द्या मले," तो म्हणाला. "पुढच्या साली वय निघून जाईन."

मी म्हणालो, "सीझन संपू दे. मग दोन आठवडे जा."

सीझन संपला मार्चअखेर. शिबिर संपले जानेवारीतच. अर्जावर मी 'शाखेच्या कामाची निकड' असे तीन शब्द लिहिले होते. अक्षर छान आले होते, हेही आठवते. त्याने वाद घातला नाही. परत गेला, ओल्या स्पंजवर बोट टेकवले आणि पुढचे टोकन पुकारले. त्या शिबिराला गेला असता तर निवडला गेलाच असता असे मी म्हणत नाही. तो काय करू शकला असता हे पाहण्याची सोय मी ठेवली नाही, एवढेच. आणि वाचक म्हणतील, रांगेतल्या शेतकऱ्यांचे काय? तेही खरे होते. म्हणूनच हा हिशेब माझ्याकडून आजवर जुळलेला नाही.

आमच्या भागाला खेळाडू काही कमी नाहीत. नागपूरजवळच्या खाणवस्तीत वाढलेला उमेश यादव पोलीस शिपाई होऊ पाहत होता, ते जमले नाही; तो २०११ साली विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेत खेळाडू कोट्यातून साहाय्यक व्यवस्थापक. ती बातमी वाचून आमच्या वणीच्या खाणीतल्या एका कामगाराने मला विचारले होते, "कसोटी खेळूनही नोकरी लागतेच का हो?" लागते. गुडघा, खांदा आणि पाठ यांची मुदत ठेव कधी मोडेल, ते सांगता येत नाही.

खुद्द यवतमाळचा आकाश चिकटे हॉकीचा गोलरक्षक. २०१६ च्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मलेशियात आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना होता, समोर पाकिस्तान, आणि श्रीजेश जखमी असल्यामुळे भारताचा गोल सांभाळायला आपला आकाश. भारत ३-२ ने जिंकला. पुढच्या वर्षी ढाक्यात आशिया करंडक जिंकणाऱ्या संघातही तो होता, आणि डिसेंबरात भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धचा सामना शूटआउटमध्ये गेला तेव्हा शेवटचा फटका अडवणारा तोच. पण २०१८ साली तो उत्तेजक द्रव्य चाचणीत सापडला आणि २ वर्षांची बंदी आली. नियम हा नियम, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला आठवते ते आमच्या बाकाचे. लक्ष्मीपूजनाला तो 'आपला आकाश' होता. बंदीची बातमी आली त्या सकाळी कुणी विषयच काढला नाही. सगळे कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलले. मीसुद्धा.

आता काळ बराच पालटला आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. ललिता बाबर रिओच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली, पुढे राज्य सरकारने तिला थेट अधिकारी केले. स्वप्नीलला पदकानंतर रेल्वेने लगेच बढती दिली. खाशाबांना जी वाट पाहावी लागली ती याला पाहावी लागली नाही. अर्थात जिथे जागा तिथे गोम. खेळाडूंची बोगस प्रमाणपत्रे काढून नोकऱ्या लाटणारेही निघाले. कधी मैदान न पाहिलेला माणूस खेळाडूच्या खुर्चीवर बसतो, तेव्हा कुणाची रजा नामंजूर होते याचा विचार मी करतो.

आमचा कॅशियर हेड कॅशियर होऊन निवृत्त झाला. मागच्या हिवाळ्यात दारव्ह्याला एका लग्नात भेटला. पंगतीत शेजारी बसलो. तीस-बत्तीस वर्षे घशाशी अडकलेले मी अखेर बोललो. म्हटले, "त्या जानेवारीत मी तुमची रजा नाकारली, ते बरोबर केले नाही." जुन्या सवयीने मी त्याला अरे-तुरे करायचो, त्या दिवशी तोंडातून 'तुमची' निघाले.

तो थोडा वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "सायेब, आता गावात मी पोरींची कबड्डी घेतो. सोळा पोरी हायेत. एक तर अशी चढाई करते, का पाहतच राहाल." मी वाट पाहिली, पण जानेवारीबद्दल तो काही बोलला नाही. हात धुताना मात्र म्हणाला, "रविवारी सामने हायेत. गुण लिहायला माणूस नाही भेटून राहिला. तुमचं अक्षर चांगलं हाये."

रविवारी सकाळच्या एसटीने गेलो. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या आणि कडेला माझ्यासाठी शाळेतली एक खुर्ची ठेवलेली होती. दुपारपर्यंत तीन सामने लिहून झाले. ती मुलगी खरोखरच तशी होती.