सार्वजनिक कामावरील मजुरास इजा झाल्यास

पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि वृक्षलागवड या कामांचा लाभ साऱ्या गावास होतो. परंतु त्या कामावर झालेली इजा एकाच कुटुंबास सोसावी लागते. अशा वेळी दोन गोष्टी साधावयाच्या असतात : मजुराचा जीव वाचविणे व त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे. पहिली त्वरित उपचाराने साधते, दुसरी त्याच दिवशी केलेल्या नोंदीने.

पूर्वी स्वतंत्र गाव असलेली मुकुंदवाडी आता छत्रपती संभाजीनगर शहरात मोडते. तेथील जखमीस चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय व शहरातील ‘घाटी’ जवळ आहे. कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील आडवळणाच्या कामावर मात्र वाहन येईपर्यंतचा वेळ सोबतच्या मजुरांच्याच हाती असतो.

प्रथमोपचार

प्रथम 108 या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. तिला पैसे पडत नाहीत. तोपर्यंत पुढीलप्रमाणे करावे.

(1) रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे. माती, तंबाखू वा हळद भरू नये. धनुर्वाताची लस रुग्णालयात विचारून घ्यावी.

(2) हाड मोडल्यास ते ओढून बसवू नये. बांबूची कामटी लावून सैलसर बांधावे. पाठीस वा मानेस मार असल्यास हातपाय धरून उचलू नये. सपाट फळीवर न्यावे.

(3) दरड कोसळल्यास इतरांनी काठावर गर्दी करू नये. तोंड व छाती आधी हातांनी मोकळी करावी. कुदळ चालवू नये.

(4) ऊन लागून मजूर बरळू लागल्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. बेशुद्धास पाणी पाजू नये.

(5) सर्पदंश झाल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली दिला आहे. म्हणून जखमीस नेण्यास कोणी भिऊ नये.

कुटुंबाचा हक्क

महाराष्ट्राचा 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यात व पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात कामावरील इजेस मोफत उपचार, रुग्णालयात राहावे लागल्यास किमान निम्म्या मजुरीइतका दैनिक भत्ता आणि मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास सानुग्रह रक्कम, अशी तरतूद झाली. नियम व रकमा बदलतात. चालू नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

मजूर त्या दिवशी कामावर होता, हे सिद्ध करणारा पहिला कागद म्हणजे हजेरीपट. म्हणून हजेरी सकाळीच भरावी. अपघाताची वेळ, जागा व साक्षीदार लिहून पंचनामा करावा. रुग्णालयाच्या कागदावर ‘कामावर असताना इजा’ असे नोंदवून घ्यावे.

पुष्कळ मजूर अल्पभूधारकही असतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 साली सुरू झाली. तीत अपघाती मृत्यूस 2 लाख, तर एक हात, पाय वा डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये ठरविले आहेत. खातेदाराबरोबर कुटुंबातील एका सदस्यासही ती लागू आहे. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. दुःखात बुडालेल्या घराला ही मुदत आठवत नाही. ती ग्रामसेवकाने आठवावी आणि अर्ज स्वतः लिहून द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी, सावली व जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक यांची तजवीज करावी. ती झाल्याशिवाय पहिली कुदळ मारू नये.