रिकाम्या शिफ्टरला नवं काम
माउंटन बाइकला पुढे पेडलपाशी एकच दातेरी चक्र बसवलं की हँडलवरचा डावा गिअर शिफ्टर रिकामा होतो. तो फेकू नका, त्यावर ड्रॉपर सीटपोस्ट चालवता येते. केबल ओढली की सीटपोस्टमधली झडप उघडते; अंगाच्या भाराने सीट खाली जाते, भार काढला की वर येते. केबल सोडली की आहे तिथेच घट्ट.

अडचण शिफ्टरमधल्या खटक्याची. तो केबल ताणूनच धरतो, झडप उघडी राहते आणि सीट डुगडुगते. शिफ्टर उघडून खटका काढा, परतीची स्प्रिंग मात्र जागेवर राहू द्या. दर वेळी शिफ्टरची केबल सोडणारी दुसरी कळ दाबूनही भागतं, पण खडबडीत उतारावर ते मला धोक्याचं वाटतं. केबलच्या एका टोकाची गुंडी शिफ्टरमध्ये बसते, म्हणून दुसरं टोक स्क्रूने आवळणारीच सीटपोस्ट घ्या.