एका यंत्रात अनेक यंत्रे

डमडम स्थानकातून विमानतळाची वाट न धरता पश्चिमेस बराकपूर मार्गाकडे गेले, की बरानगर लागते. तेथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम हे गणकयंत्र आले. भारतातील हे पहिले अंकीय गणकयंत्र होय. त्याच्या स्मृतीत अवघे १,०२४ शब्द मावत आणि एका वेळी एकाचेच गणित चाले. यंत्र एक आणि गरजू अनेक, अशी ती स्थिती होती.

ही अडचण जगात सर्वत्र होती. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात तीवर एक विलक्षण तोड निघाली. प्रत्येकास यंत्राचा वाटा देण्याऐवजी अखंड यंत्रच दिल्याचा भास निर्माण करावयाचा! हा भास सांभाळणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. सुपरव्हायझरच्याही वरचा, म्हणून हे नाव. आपण त्यास 'कारभारी' म्हणू.

कारभाऱ्याचे सारे सामर्थ्य एका गोष्टीत आहे. आभासी यंत्राने खऱ्या यंत्राच्या वर्मावर हात घालणारी सूचना दिली, की ती अडून त्याच्यापुढे आली पाहिजे. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ साली हा नियम काटेकोरपणे मांडला. पुढे घरोघरी पोहोचलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात मात्र न अडता निसटणाऱ्या सतरा सूचना आढळल्या. १९९९ साली व्हीएमवेअरने अशा सूचना चालता चालताच बदलून घेण्याची युक्ती बाजारात आणली. २००५ पासून प्रक्रियकातच त्यासाठी सोय होऊ लागली.

म्हणून नव्या सर्व्हरवर कारभारी बसविताना प्रथम यंत्राच्या मूळ मांडणीत ही सोय चालू आहे ना, ते पाहावे. ती पुष्कळदा बंद असते, आणि नवशिका तासन्‌तास भलतीकडेच दोष शोधीत बसतो. मग कारभारी थेट रिकाम्या तबकडीवर उतरवावा, त्यास जाळ्यातील कायमचा पत्ता द्यावा आणि एकेक आभासी यंत्र उभारावे. आभासी यंत्राची तबकडी म्हणजे बहुधा खऱ्या तबकडीवरील एक मोठी फाईलच असते.

वाटणी करताना खरी कसोटी लागते. प्रक्रियकाचा वेळ सढळपणे वाटता येतो, कारण सारी यंत्रे एकदम क्वचितच कामास लागतात. स्मृतीचे तसे नाही. ३२ गिगाबाइटच्या सर्व्हरवर आठ-आठ गिगाबाइटची चार यंत्रे मांडली, तर कागदावर हिशेब जुळतो. पण कारभाऱ्याच्या हाती काय उरले? तो मग स्मृतीतील मजकूर तबकडीवर हलवू लागतो आणि चारही यंत्रे एकाच वेळी रांगू लागतात.

स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणीची स्थिती जतन करणे. नवा बदल फसला तर मागे परतण्यास तो उत्तम. त्यास सुरक्षित प्रत समजणे हा मात्र घातक गैरसमज होय, कारण तो सामान्यतः त्याच तबकडीवर असतो. पूर्वी पाच सर्व्हरांपैकी एक निकामी झाला, तर चार चालू राहत. आता ती पाचही यंत्रे एकाच पेटीत असतात. त्यांची प्रत दुसऱ्या पेटीत ठेवावी, आणि नवे यंत्र लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्या प्रतीवरून एकदा ते पुन्हा उभे करून पाहावे.