लोहाच्या डोंगरावर लोहाचा उपास

पावसाळा ओसरल्यावर कर्जतच्या परिसरात शाळांच्या सहली सुरू होतात. राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांपाशी मुलांना नेलेत, तर लेण्यांभोवतालच्या कातळाकडे जरा जवळून पाहायला सांगा. खडकावर राखाडी, पांढुरक्या, पिवळसर चकत्या दिसतील. नखाने खरवडूनही त्या सहज निघत नाहीत. "दगडाला बुरशी आली आहे," असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याचे फारसे चुकलेले नाही. या चकत्या म्हणजे शैवाक, बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. काही बुरश्या मात्र शैवलाच्या सोबतीशिवाय उघड्या खडकावर राहतात. त्यांच्या वसाहती काळ्या ठिपक्यांएवढ्या असतात. हा काळा रंग मेलॅनिनचा. उन्हातील अतिनील किरणांपासून तो त्यांचे रक्षण करतो.

शैवाकातील बुरशीला साखर शैवलाकडून मिळते, पाणी पावसातून आणि दवातून. पण लोह कोठून मिळते? श्वसनातील अनेक विकरांना लोह लागते, डीएनए तयार करण्यासाठीही लागते. लोहाशिवाय बुरशी वाढूच शकत नाही.

प्रश्न सोपा वाटतो, कारण बुरशी बसली आहे ती बेसाल्टवर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या या काळ्या खडकात वजनाने साधारण आठ ते दहा टक्के लोह असते. तरीही बुरशीची स्थिती भरल्या ताटापुढे हात बांधून बसवल्यासारखी असते. असे का?

काळा दगड, तांबडी माती

उत्तर शोधण्यासाठी एखादा जुना, उन्हापावसात पडलेला दगड फोडून पाहावा. आतला भाग निळसर काळा, पण बाहेर तपकिरी साल. खालापूर तालुक्यात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींतही हा फरक दिसतो. ताज्या दगडातील बरेचसे लोह फेरस रूपात, खनिजांच्या स्फटिकांत अडकलेले असते. हवा आणि पाणी लागले की ते सुटते, पण लगेच ऑक्सिजनशी संयोग पावून फेरिक बनते. फेरिक लोह उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा गंज होऊन बसतो. अशा एक लिटर पाण्यात मोकळे फेरिक आयन असतात सुमारे सहा लाख. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करा: एका मिलिलिटरमध्ये सहाशे आणि एका थेंबात जेमतेम तीस! सूक्ष्मजीवांना याच्या अब्जावधी पटींनी अधिक लोह लागते.

याच गुणधर्माचा मोठा पुरावा कर्जत तालुक्यातच आहे. नेरळहून माथेरानला चढताना पायाखालचा काळा दगड संपतो आणि वर तांबडा जांभा लागतो. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका विरघळवून नेली. लोह मात्र विरघळले नाही, म्हणून ते मागे उरले. जे रसायनशास्त्र माथेरानची माती तांबडी करते, तेच बुरशीला उपाशी ठेवते.

बुरशीच्या तीन युक्त्या

पहिली युक्ती आम्लाची. अनेक बुरश्या ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्ले सोडतात. ती खनिजांची वीण सैल करतात आणि लोहाला धरून विद्राव्य ठेवतात.

दुसरी युक्ती अधिक नेमकी. बुरशी काही खास रेणू बाहेर पाठवते. त्यांना सिडेरोफोर, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. असा रेणू फेरिक आयनाला सहा ऑक्सिजन अणूंच्या मुठीत घट्ट पकडतो. लोहासकट तो परत आला की पेशी त्याला आत घेते. आत फेरिकचे फेरस होते, मूठ सुटते आणि लोह हाती लागते. गवतावरील काणी रोगाच्या बुरशीतून असा रेणू, फेरिक्रोम, नीलँड्स या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये वेगळा केला.

तिसरी युक्ती म्हणजे फेरिकचे फेरस पेशीच्या पृष्ठभागावरच करून मग ते आत घेणे.

अथेन्समधील संगमरवरावर सापडलेल्या क्नुफिया पेट्रिकोला या काळ्या बुरशीवर बर्लिनमध्ये झालेले प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ऑलिव्हिन हे लोहयुक्त खनिज नुसत्या द्रावणात विरघळू लागले की सुटलेले लोह फेरिक होऊन त्याच्याच पृष्ठभागावर साचते आणि विरघळणे मंदावते. खनिजाला चिकटलेली बुरशी असली, तर हा थर साचत नाही आणि खनिज अधिक वेगाने विरघळत राहते. म्हणजे बुरशी लोह उचलते तेव्हा खडक झिजण्याची वाटही मोकळी ठेवते.

ही कमाई फुकटची नाही. प्रत्येक लोहवाहकासाठी साखर खर्च होते. शिवाय जास्त झालेले लोह पेशीला विषारी ठरते. म्हणून पुरेसे लोह मिळताच लोहवाहक बनवणे थांबते.

वर्गात आणि लेण्यांत

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. गंजाचा डाग पडलेल्या कापडाचे दोन तुकडे घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरा लिंबाच्या रसात. काही तासांनी तुलना करा. आपल्या घरी लोखंडाचा डाग लिंबू-मीठ लावून काढतात. लिंबातील सायट्रिक आम्ल तेथे तेच काम करते, जे बुरशी खडकावर करते.

आणि यातूनच लेण्यांविषयीची एक गोष्ट मुलांना समजावता येईल. कोंडाण्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्या भिंतींवरचे डाग पाहून कोणालाही वाटेल, की आम्ल टाकून, तारेच्या ब्रशने घासून दगड स्वच्छ करावा. पण बुरशी जे शतकानुशतके कणाकणाने करते, ते आपण एका दुपारी करून बसू. डाग जाईल, त्याबरोबर छिन्नीची खूणही जाईल. शैवाक कोठे राहू द्यायचे आणि कोठे काढायचे, हे दगडाची तपासणी करून तज्ज्ञांनी ठरवावे. आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन पाहावे, नोंद करावी आणि हात मात्र लावू नये.