रक्तातील सोडिअमचे असंतुलन : आकलन व मूल्यमापन
(खानदेशातील उन्हाळ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
जळगाव-धुळे जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पाचोरा परिसरात या दिवसांत एखादी वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, तर 'ऊन लागले' असे म्हणून तिला भरपूर पाणी पाजले जाते. त्यामागे सोडिअमचे असंतुलन असल्यास हा उपाय क्वचित घातकही ठरतो.

संकल्पना :
रक्तद्रवात दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल सोडिअम असते. त्याहून कमी प्रमाण म्हणजे अल्पसोडिअमता, तर अधिक प्रमाण म्हणजे अतिसोडिअमता होय. हा आकडा शरीरातील एकूण मीठ दर्शवीत नाही. तो मीठ व पाणी यांचे परस्परप्रमाण दर्शवितो. हृदयविकाराने पाय सुजलेल्या रुग्णाच्या शरीरात मीठ जास्त असूनही आकडा कमी येतो, कारण साठलेले पाणी त्याहून जास्त असते. घामात रक्तापेक्षा सोडिअम कमी असते. म्हणून पाणी न पिता घाम गेल्यास आकडा वाढतो; उलट केवळ साधे पाणी अतिप्रमाणात प्याल्यास तो घटतो.

मूल्यमापनाच्या पायऱ्या :
१) रक्तशर्करा पाहावी. शर्करा दर १०० मिलिग्रॅमने वाढता सोडिअम सुमारे १.६ ने कमी दिसते. शर्करा ६०० व सोडिअम १२८ असल्यास दुरुस्त आकडा सुमारे १३६ येतो.
२) शरीरातील द्रवाची स्थिती तपासावी : जिभेचा कोरडेपणा, उभे राहिल्यावरचा रक्तदाब, पायांवरील सूज.
३) लघवीतील सोडिअम मोजावे. ते ३० मिलिमोलहून कमी असल्यास जुलाब, घाम यांतून झालेली हानी संभवते. मात्र सूज असलेल्या हृदयरुग्णातही ते कमीच आढळते. ते अधिक असल्यास औषधांचा विचार करावा. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायाझाइड गटातील मूत्रल औषधे हे वृद्धांमधील महत्त्वाचे कारण आहे.

उपचारातील दक्षता :
दीर्घकाळ कमी असलेले सोडिअम २४ तासांत ८ ते १० मिलिमोलहून अधिक वाढवू नये. अन्यथा मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणास कायमची इजा होऊ शकते. झटके आल्यास मात्र रुग्णालयात ३ टक्के लवणद्रावण तातडीने द्यावे लागते. जुलाबात जलसंजीवनी उपयुक्त असते. २००२ च्या जागतिक सूत्रानुसार तीत दर लिटरला ७५ मिलिमोल सोडिअम असते.

निष्कर्ष :
सोडिअमचा आकडा हे निदान नव्हे, तर निदानाचा आरंभ होय. भ्रम झालेल्या वृद्धास दवाखान्यात नेताना त्याच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, एवढी जाणीव राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून प्राध्यापकांना गावोगावी पोहोचविता येईल.