गुलाबी सशाची शाळा

परदेशातली नोकरी म्हटली की आपल्या गावात दुबई, रियाध, मस्कत हीच नावं निघतात. पण इंग्रजी ज्यांची मायबोली, अशा देशांतली हजारो तरुण मुलंही पोटासाठी परदेशी जातात, आणि एका खासगी कंपनीच्या भरवशावर राहतात. त्यांची एक गोष्ट जपानची आहे.

ओसाकात १९८१ साली 'नोव्हा' नावाची इंग्रजी शिकवण्यांची साखळी सुरू झाली. पुढे तिच्या शाखा नऊशेवर गेल्या. बहुतेक शाखा रेल्वे स्टेशनाला लागून, पाटीवर चोचवाला गुलाबी ससा. लहान मुलांनाही तो ओळखीचा होता. शिकवायला इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून नुकतीच पदवी घेतलेली मुलं यायची. शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालायचं. चाळीस मिनिटांचा तास, समोर तीन-चार विद्यार्थी, तो संपला की लगेच दुसरा. राहायला कंपनीनं घेतलेलं घर, भाडं पगारातून परस्पर कापलेलं. नव्या मुलखात भाषा येत नसताना ही सोय मोठीच वाटते.

गोम फीमध्ये होती. विद्यार्थी शेकडो तासांचे पैसे आधीच भरायचे. जितके जास्त तास, तितका दर कमी. म्हणजे कंपनीच्या हातातला पैसा ही खरं तर अमानत होती, अजून न शिकवलेल्या तासांची. तो नव्या शाखांवर आणि जाहिरातींवर खर्च होत गेला. मध्येच शिकवणी सोडणाऱ्याला पैसे परत देताना मात्र हिशेब बदलायचा. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं हा हिशेब बेकायदा ठरवला. जूनमध्ये सरकारनं वर्षापेक्षा लांबच्या मुदतीचे नवे करार करायला सहा महिने बंदी घातली. नवा पैसा थांबला आणि डोलारा हलला.

आधी पगार उशिरा, मग पगारच नाही. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे ईद झाली, तेव्हा तिकडे चार हजारांवर परदेशी शिक्षक पगाराची वाट बघत होते. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, असं आपण या महिन्यात हमखास ऐकतो. इथे तर घरभाडंही पगारातून कापून घेतलेलं, पण घरमालकापर्यंत न पोचलेलं. काहींच्या दारात घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. २६ ऑक्टोबरला कंपनीनं न्यायालयाकडे संरक्षण मागितलं. शिक्षकांच्या संघटनेनं मग जेवणाच्या बदल्यात इंग्रजी शिकवण्याची मोहीम काढली. विद्यार्थीही बुडाले होते, तरी त्यांतले काही शिक्षकांच्या मदतीला आले, हे मला मोठं वाटतं.

एका बाबतीत ही मुलं आपल्या आखातातल्या भावांपेक्षा सुदैवी. जपानचा व्हिसा मालकाच्या खिशात नसतो. त्याच प्रकारचं काम दुसरीकडे मिळालं की तिकडे जाता येतं. शिवाय मालक दिवाळखोर झाला तर थकलेल्या पगाराचा मोठा भाग सरकार आगाऊ देतं, तसा तिथे १९७६ पासून कायदा आहे. म्हणून परदेशी निघणाऱ्यानं पगाराचा आकडा जरूर विचारावा, पण मालक बुडाला तर खोली कुणाच्या नावावर आणि व्हिसा कुणाच्या हातात, हे आधी विचारावं.

संस्थापकाला पुढे कर्मचाऱ्यांच्या निधीतला पैसा वळवल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. शाखा दुसऱ्या कंपनीनं घेतल्या, त्यातल्या बऱ्याच बंद झाल्या. नोव्हा हे नाव मात्र नव्या मालकाकडे जपानमध्ये टिकून राहिलं आणि बाहेरदेशाहून शिक्षक पुन्हा येऊ लागले.